पन्नास कोस पंढरी आणि पायांची मशागत



गोऱ्हा तयार करायचा असेल तर आपण त्याला पहिल्याच दिवशी नांगराला जुंपत नाही. आधी खांद्यावर नुसते जू ठेवतो. मग मागे लाकडाचा ओंडका बांधून फिरवतो. शेजारी शिकलेला बैल देतो. महिना-दीड महिना असा गेला म्हणजे कुठे तो कोळप्याला लागतो. ही अक्कल आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. पण तोच शेतकरी स्वतः पायी वारीला निघाला, की आदल्या रात्री पिशवी भरतो, पहाटे देवाला हात जोडतो आणि चालू लागतो. दुसऱ्या मुक्कामाला तळपायाला फोड, तिसऱ्याला पोटऱ्यांत गोळे आणि चौथ्याला एस.टी.चा थांबा कुठे आहे याची चौकशी! बैलाला जेवढे आपण जपतो, तेवढे तरी स्वतःच्या पायांना जपावे, एवढे सांगण्यासाठी आजचा लेख आहे.

निमित्त घडले ते श्रीगोंदा तालुक्यातल्या, कुकडीच्या कालव्याकाठच्या एका गावात. कामानिमित्त माझी तिथे नेहमीची ये-जा. त्या गावात सहा घरे अशी आहेत, की ज्यांच्या घरात कमावता हात उरलेला नाही. कुठे कर्ता पुरुष गेला आणि मागे लेकरे लहान. कुठे म्हातारा-म्हातारी दोघेच, आणि रान पडीक. सहा घरांत मिळून माणसे सतरा. गावाने त्यांना कधी उपाशी ठेवले नाही, हे खरे. पण दर वेळी कोणाच्या तरी ओसरीवर जाऊन उभे राहायचे, हे त्यांच्या जिवाला लागते, हेही तितकेच खरे.

बचत गटाच्या एका बैठकीत पुण्याला शिकणाऱ्या एका मुलाने सांगितले, की शहरात लोक एखाद्या चांगल्या कामासाठी धावतात किंवा चालतात, आणि त्यांचे स्नेहीसोबती त्या कामाला पैसे देतात. मुंबईची मोठी मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली, तिच्यातूनही दरवर्षी अनेक संस्थांना देणग्या मिळतात. हे ऐकून एक आजी म्हणाल्या, "पैका कुठला काढायचा बाबा? पण बाजरी देऊ की. आमच्यातली दहाजणं जाऊ द्या पंढरीला पायी. जेवढे कोस चालतील तेवढी बाजरी आम्ही घालू."

बैठक हसली, पण हिशेब लगेच मांडला गेला. जुना कोस म्हणजे साधारण दोन मैल, आजच्या मापाने सव्वातीन किलोमीटर. त्या गावापासून राशीन, करमाळा, जेऊर, करकंब या वाटेने पंढरपूर, मुक्कामाची आत-बाहेर धरून, दीडशे-एकशेसाठ किलोमीटर भरते. म्हणजे सुमारे पन्नास कोस. चाळीस घरांनी कोसाला अर्धा किलो बाजरी कबूल केली. एका कोसाला वीस किलो झाली, पन्नास कोसांना हजार किलो, म्हणजे दहा क्विंटल. माणशी महिन्याला बारा किलो धान्य धरले तर सतरा माणसांना जवळजवळ पाच महिने, कार्तिकापासून गुढीपाडव्यापर्यंत पुरेल. कोणाच्या घरी किती गेली हे फलकावर लिहायचे नाही, ग्रामसभेत सांगायचे नाही, हेही तिथेच ठरले.

मग आजींनी दुसरी अट घातली. "कोस मोजायचे ते सगळ्यात मागच्या माणसाचे. पुढचा पंढरीला पोचला अन् मागचा करमाळ्याला बसला, तर बाजरी करमाळ्यापर्यंतचीच." गावच्या पुरुषांना आजी चांगल्या ओळखून होत्या. या एका अटीमुळे कोणी कोणाला टाकून पुढे जायची सोय राहिली नाही. एकाने एक कोस सोडला, की वीस किलो बाजरी बुडाली.

आता वारी कोणती, हा प्रश्न. पंढरीच्या मोठ्या वाऱ्या चार: चैत्री, आषाढी, कार्तिकी आणि माघी. आषाढीचे महत्त्व मोठे, पण ती ऐन पेरणीत येते. कार्तिकी २०२३ साली २३ नोव्हेंबरला आली, २०२४ साली १२ नोव्हेंबरला आणि २०२५ साली २ नोव्हेंबरला. तोवर बाजरीचे खळे झालेले असते, ज्वारी पेरून उगवलेली असते आणि उन्हाचा ताव उतरलेला असतो. शिवाय दान द्यायला घरात नवे धान्य असते. शेतकऱ्याच्या सोयीने पाहिले तर पायी जायला कार्तिकी बरी. रोज पाच कोस धरले तर दहा दिवस लागतात. दिवाळीच्या पाडव्याला निघायचे आणि दशमीला पंढरपुरात पाऊल टाकायचे. निघताना श्रीगोंद्याला शेख महंमद महाराजांच्या समाधीचे दर्शन घ्यायचे. मुसलमान घरात जन्मून वारकऱ्यांनी संत मानलेल्या आणि 'योगसंग्राम' लिहिणाऱ्या या सत्पुरुषाच्या गावातून दुसरी कोणती सुरुवात असणार?

चालणारे ठरले अकरा. चार बाया, सात बापे. त्यांत एक खतदुकानदार, एक निवृत्त गुरुजी, एक लिंबाचे बागाईतदार, एक दूध संकलन केंद्रावरचे, दोन तरुण, आणि सातवा मी. शेतकऱ्यांना तीस वर्षे सल्ले देणाऱ्याने आता दोन पावले चालूनही दाखवावीत, असे गावाचे म्हणणे पडले. माझे पाय गेली कित्येक वर्षे फटफटीचे गिअर टाकण्यापुरतेच कामाला होते.

श्रावणातल्या पोळ्याला बैलांची खांदेमळणी झाली आणि त्याच आठवड्यात आमची पायमळणी सुरू झाली. पोळा ते दिवाळी म्हणजे बरोबर दोन महिने. रोज पहाटे पाचला मारुतीच्या पारावर जमायचे आणि कालव्याच्या भरावावरून चालायचे.

पहिल्या दिवशी खतदुकानदार नवे पांढरे बूट घालून आले. त्यांचे वजन शहाण्णव किलो, म्हणजे युरियाच्या दोन गोण्या आणि वर सहा किलो. आदल्या रात्री पाऊस पडून गेलेला. काळ्या रानाची माती बुटाला अशी चिकटली, की शंभर पावलांत प्रत्येक बूट दोन किलोचा झाला. ते थांबायचे, काठीने माती खरडायचे, पुन्हा चालायचे. एक मैल जायला पाऊण तास लागला. परतताना त्यांनी बूट हातात घेतले होते आणि गावची कुत्री त्यांना अनोळखी समजून भुंकत होती. त्यांतले एक तांबडे कुत्रे मात्र त्या दिवसापासून आमच्यात सामील झाले. आता अकराजणांत एक दिवसही न चुकवणारे तेच.

दुसरी अडचण आली ती माणुसकीची. आपल्याकडे पायी चालणारा माणूस म्हणजे अडचणीतला माणूस! मोटारसायकलवाला जाता जाता थांबणारच. "काय वो साहेब, गाडी बंद पडली का? बसा मागं." नाही म्हटले तर त्याला वाईट वाटते. चालतोय म्हटले तर विचारतो, "का? डॉक्टरनं सांगितलं का?" एका ट्रॅक्टरवाल्याने तर आमच्या गुरुजींना आग्रह करकरून ट्रॉलीत बसवले आणि आमच्या देखत गावात नेऊन सोडले. जुना विद्यार्थी होता, त्याला नाही म्हणणे त्यांना जमले नाही. गुरुजी पुन्हा चालत मागे आले आणि राहिलेले अंतर पुरे केले. त्या दिवशी चाल सगळ्यांत जास्त त्यांचीच झाली.

यावर उपाय म्हणून आम्ही एक भगवी पताका हाती घेतली. गाडीवर बसा म्हणणे बंद झाले, पण आता प्रत्येक वस्तीवरून हाक येऊ लागली, "माऊली, च्या घेऊन जा!" एका सकाळी सात ठिकाणी चहा झाला. चाललो दोन कोस आणि साखर गेली पाव किलो. शेवटी गुरुजींनी नियम केला: चहा एकच, आणि तो परतल्यावर. वस्तीवरच्या आयाबहिणी थोड्या रुसल्या. त्यांना सांगितले, की तो चहा बाजरीत धरा. दोन घरांनी खरेच कोसाला अर्ध्याऐवजी पाऊण किलो केली.

दोघा तरुणांचा सारा भरवसा मोबाईलवर. खिशात ठेवला की तो पावले मोजतो म्हणे. एकाची पावले रोज दहा हजारांवर जायची आणि चालताना तर तो मागे असायचा. नंतर उलगडा झाला. दुपारी तो ट्रॅक्टरवर बसून रोटाव्हेटर मारायचा आणि ट्रॅक्टरच्या हादऱ्याने मोबाईल पावले मोजत राहायचा. त्या हिशेबाने त्याचा ट्रॅक्टर केव्हाच पंढरीला पोचला होता.

चौघी बाया मात्र पहिल्या दिवसापासून आमच्या पुढे. पायात साधी चप्पल, डोक्यावर पदर, तोंडाने बोलणे चालू, आणि पाऊल काही मंद होत नाही. एकदा आम्ही धापा टाकत चारीच्या पुलावर पोचलो तेव्हा त्या कठड्यावर बसून होत्या आणि त्यांची मेथी निवडून झाली होती. यात नवल ते काय? खुरपणी, काढणी, पाणी, सरपण यांत त्यांचे दिवसाचे दोन-तीन कोस वर्षानुवर्षे होतच असतात. पण त्यातली एकजण जे बोलली ते आम्हा पुरुषांना ऐकावे लागले. "तुम्ही पाचला उठून येता, आम्ही साडेतीनला उठून, भाकरी थापून, धारा काढून येतो. तुमचा सराव पाचला सुरू होतो, आमचा झालेला असतो." त्यानंतर पारावर ठरले, की चालायला येणाऱ्या बाईच्या घरी सकाळच्या धारा आणि शेण पुरुषाने काढायचे. पहिले काही दिवस दूध केंद्रावर त्या घरांचे दूध थोडे कमी भरले. गाई अनोळखी हाताला पान्हा चोरतात. आता गाईही सरावल्या आणि पुरुषही.

भाऊबीजेचे कोडेही त्यांनीच सोडवले. पाडव्याला निघायचे म्हणजे भाऊबीज वाटेवर येणार. माहेरी निरोप गेले: "यंदा ओवाळणी घ्यायला राशीनच्या वाटेवर या, आणि येताना फराळ थोडा आणा, ओझे उचलायचे आम्हाला आहे."

हसण्यातून एक दिवस गंभीर झाला. आमच्यातल्या एका गड्याला दहा-बारा वर्षांपासून मधुमेह आहे. संध्याकाळी पाय धुताना घरच्यांना दिसले, की टाचेजवळ बाभळीचा काटा मोडून आत राहिला आहे आणि भोवती लाली आली आहे. त्याला मात्र काही दुखत नव्हते. मधुमेह जुना झाला, की तळपायाची संवेदना कमी होते. काटा, खडा, चटका काहीच कळत नाही आणि जखम आतल्या आत वाढते. वेळेवर दिसली म्हणून डॉक्टरांकडे नेऊन पाय वाचला. तीन आठवडे चालणे बंद. त्याला वाटले, आता माझ्यापायी सगळ्यांची बाजरी बुडणार. ती अट घालणाऱ्या आजीच त्याच्या घरी गेल्या आणि म्हणाल्या, "तुझा पाय राहिला तर पुढच्या साली चालशील. यंदा सामानाच्या टेम्पोत बस अन् मुक्कामाला पिठलं रांध." चालणारे दहा झाले. हिशेब तसाच राहिला. पण त्या दिवसापासून रोज संध्याकाळी प्रत्येकाने तळपाय पाहायचे, स्वतःचे दिसत नसतील तर आरसा धरून पाहायचे, हा नियम झाला. वाचकांतही ज्यांना साखरेचा विकार आहे त्यांनी हे ध्यानात धरावे. त्यांनी अनवाणी चालण्याचा नवस करू नये. देवाला पाय नकोत, पाऊल हवे.

आता थोडे थोरामोठ्यांकडे पाहू. १२ मार्च १९३० रोजी गांधीजी साबरमतीहून दांडीला निघाले तेव्हा त्यांना एकसष्टावे वर्ष चालू होते. २४१ मैल, २४ दिवस. सरासरी काढली तर दिवसाला दहा मैल, म्हणजे बरोबर आपले पाच कोस! आणि त्यातही दर सोमवारी मुक्काम हलत नसे, विश्रांती असे. विनोबाजी मार्च १९५१ मध्ये हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीला सर्वोदय संमेलनासाठी पायी निघाले तेव्हा पंचावन्न वर्षांचे होते आणि पोटाच्या दुखण्याने प्रकृती तोळामासा. पुढे तेलंगणात फिरताना १८ एप्रिलला पोचमपल्लीत भूमिहीन हरिजन कुटुंबांनी ऐंशी एकर जमीन मागितली, आणि गावातल्या रामचंद्र रेड्डींनी तिथेच शंभर एकर देऊ केली. भूदानाचा उगम तो. मग पहाटे कंदिलाच्या उजेडात चालत ते तेरा वर्षे देशभर हिंडले. १९५८ साली सर्वोदय संमेलन पंढरपुरात भरले, तेव्हा विनोबाजी सर्व धर्मांच्या सोबत्यांना घेऊन विठ्ठलाच्या दर्शनाला गेले. ज्या देवळात हरिजनांना प्रवेश मिळावा म्हणून साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात उपोषण केले होते, तेच हे देऊळ. चालण्यातून दान उभे राहते, ही गोष्ट आपल्याला शहराकडून शिकायची नव्हती. ती आपल्या पंढरीच्या वाटेवरचीच आहे.

ज्यांना पुढे कधी पायी वारी करायची आहे, त्यांच्यासाठी आमच्या दोन महिन्यांच्या सरावाचे सार देतो. कापून ठेवावे.

चाल कशी वाढवावी. पहिल्या आठवड्यात रोज एक कोस. पुढे दर आठवड्याला थोडी थोडी वाढ. आठवड्यातून एक दिवस लांबची चाल: आधी दीड कोस, मग दोन, अडीच, तीन. पाचव्या आठवड्यात मुद्दाम कमी करावी, आणि सातव्यापर्यंत पाच कोसांवर न्यावी. शेवटच्या आठवड्यात पुन्हा हलकी. आठवड्यातून एक दिवस पूर्ण विश्रांती. लिंबाच्या बागेला हस्त बहारासाठी आपण ताण देतो आणि मग पाणी सोडतो. बेताचा ताण दिला तर फूल येते, नुसताच ताण दिला तर झाड वाळते. शरीराचेही तसेच. ताणाने नव्हे, ताणानंतरच्या विश्रांतीत पाय तयार होतात. पन्नाशीच्या पुढच्यांनी सुरुवात करण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवून घ्यावे. चालताना छातीत दुखले, दम लागून बोलता येईना, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तिथेच थांबावे.

पायताण. नवे पायताण वारीत पहिल्यांदा घालू नये. निदान महिनाभर वापरून मऊ झालेलेच न्यावे. खरेदी संध्याकाळी करावी, कारण दिवसभराने पाय थोडा फुगतो आणि सकाळी नेमके बसलेले माप संध्याकाळी चावते. बूट असेल तर सुती मोजे, आणि बदलायला दुसरी जोडी. जिथे घासते तिथे सकाळीच खोबरेल लावावे. फोड आला तर फोडू नये. फुटलाच तर साबण-पाण्याने धुऊन स्वच्छ फडके बांधावे. हळद, तंबाखू, चुना असले काही भरू नये.

ओझे. पाठीवरची पिशवी स्वतःच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून जड नसावी. साठ किलोच्या माणसाने सहा किलो. आमच्या लिंबू बागाईतदारांनी सरावाला पिशवीत लिंबेच भरून आणली. जाताना ओझ्याचा सराव आणि येताना वाटेवर सरबत, अशी दुहेरी सोय झाली.

पाणी. तहान लागण्याची वाट पाहू नये, थोडे थोडे पीत राहावे. पाणी उकळून गार केलेले किंवा औषध टाकून शुद्ध केलेले असावे. जुलाब लागले किंवा घाम फार गेला, तर एक लिटर शुद्ध पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, दोन्ही चहाच्या चमच्याने सपाट मोजून, विरघळवून प्यावे. मीठ वाढवू नये.

रस्ता. हे सर्वांत महत्त्वाचे. ३१ ऑक्टोबर २०२२ च्या संध्याकाळी, कार्तिकीलाच निघालेल्या कोल्हापूर भागातल्या एका पायी दिंडीत सांगोल्याजवळ मोटार घुसली आणि सात वारकरी गेले. हे विसरू नये. कार्तिकात दिवस लवकर मावळतो आणि त्याच सुमारास उसाच्या गाड्याही रस्त्यावर येतात. म्हणून दिंडी अंधार पडण्यापूर्वी मुक्कामाला पोचलीच पाहिजे. रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणारी वाहने दिसतील अशा रीतीने, दोन-दोनांच्या रांगेत चालावे. पहाटे निघायचे असेल तर पुढच्या आणि मागच्या माणसाच्या अंगावर उजेडात चमकणारी पट्टी आणि हातात बॅटरी असावी. रानवाटेने जाताना बॅटरीबरोबर काठीही हवी, घोणस वाटेतच पडून असते.

घरचे रान. दहा दिवस घर सोडायचे तर पिकाची व्यवस्था आधी लावावी. रब्बी ज्वारीची पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या काळात उरकावी. पहिली कोळपणी पेरणीनंतर तिसऱ्या आठवड्यात, दुसरी पाचव्यात आणि तिसरी आठव्यात करायची असते. कोरडवाहू ज्वारीत कोळपणीने भेगा बुजतात आणि ओल टिकते, म्हणून ती चुकवून चालत नाही. आमच्या गावात दुसरी कोळपणी नेमकी वारीत येते. तिच्यासाठी मागे राहणाऱ्यांनी सावड केली आहे. चालणाऱ्यांची राने ते कोळपतील, आणि परत आल्यावर चालणारे त्यांच्या रानात तेवढे दिवस भरतील. ही सावड नसती तर निम्मी माणसे निघालीच नसती. पंढरीला दहाजण चालणार खरे, पण त्यांच्यामागे वीसजण घरी राबणार आहेत, आणि पुण्याची वाटणी तशीच व्हायला हवी.

बाजरी देणाऱ्यांनी ती कडक वाळवूनच द्यावी. दाताखाली कट्‌ असा आवाज आला पाहिजे. पोती भिंतीला न टेकवता फळ्यांवर रचावीत. दळण एका वेळी आठवड्याचेच न्यावे, कारण बाजरीचे पीठ लवकर कडू होते. धान्य दिले आणि ते किडले, तर देणाऱ्याचेही गेले आणि घेणाऱ्याचेही.

हे लिहितो आहे तेव्हा सरावाचा सहावा आठवडा चालू आहे. खतदुकानदारांचे वजन चार किलोंनी उतरले, असे ते सांगतात. काटा त्यांच्याच दुकानातला असल्याने गावाने अजून मान्य केलेले नाही. परवा लांबची चाल चार कोसांची झाली. सगळ्यांत मागे तेच होते आणि त्यांच्या मागे आम्ही कोणीही नव्हतो. पण पुढे गेलेल्या चौघी पुलावर थांबून राहिल्या, ते येईपर्यंत उठल्या नाहीत. ते पोचल्यावर दूध केंद्रावरच्या गड्याने वहीत लिहिले, "कोस चार, बाजरी ऐंशी किलो." सरावाची बाजरी कोणी देणार नव्हते, तो नुसता हिशेबाचा सराव होता. दुसऱ्या दिवशी मात्र एका घरातून खरेच दोन किलो बाजरी पारावर आली. पिशवीत नाव नव्हते.

आपल्या गावातही अशी पाच-सहा घरे असतील. पंढरी लांब वाटत असेल तर जवळच्या देवस्थानापर्यंत दोन कोस चाला. चालणारे चार असोत, देणारी दहा घरे असोत. वही एक ठेवा, माप एक ठेवा, आणि घेणाऱ्याचे नाव कोणाच्या तोंडी येऊ देऊ नका. पायांची मशागत मात्र आधी करा. पुढच्या अंकात ज्वारीवरच्या खोडमाशीसंबंधी लिहीन. तोवर रामराम.